दोन सह्यांची चिठ्ठी

थ्री बट्स, मोंटाना
१४ जानेवारी १९८६

ऑर्विन प्रेस कंपनीच्या गिऱ्हाईक खात्यात जो कोणी बसत असेल त्यास,

'अडचण आली तर फोन करा' असं तुमच्या कॅटलॉगवर लाल अक्षरांत छापलंय. मी करणार नाही. पन्नास वर्षं कानांत बोळे न घालता बंदुका उडवल्या, आता फोनवर नुसती माशी गुणगुणल्यासारखं ऐकू येतं. तेव्हा पत्र वाचायची सवय असलेला कुणी असेल तर हे त्याच्याकडे द्या.

तुमचा साधा प्रेस मी १९५७ साली घेतला. नंबर ११८४, बुडाशी लोखंडात ओतलेला आहे. एकोणतीस हिवाळे त्याच्यावर घरची काडतुसं भरली. दांडा ओढला की एक काम, पुन्हा ओढला की दुसरं. परवा दांड्याची खीळ तुटलेली दिसली. खिळीबद्दल माझी तक्रार नाही, तिचंही वय झालं. पण म्हटलं या निमित्ताने नवं घेऊन टाकू. तुमच्या अकराव्या पानावर पाच खणांचा फिरता प्रेस आहे. दांडा एकदा ओढायचा की अख्खं काडतूस तयार, तासाला पाचशे. तो मला हवा, आणि लवकर हवा.

मी नवशिका नाही हे आधीच सांगून ठेवतो, नाहीतर तुम्ही लोक माहितीपत्रकं पाठवत बसता. पुंगळीच्या बुडात ठिणगी पाडणारी टोपी नीट बसली की नाही, हे मी अंगठा फिरवून सांगतो. केसभर वर राहिली तरी कळतं. आणि काडतुसं मी बायकोसाठी भरतो. आमच्या घरात एल्क हरणांची शिकार सिग्ने करते. रायफल तिच्या वडिलांची, तिची काडतुसं कारखान्यांनी बनवायची सोडून पंधरा वर्षं झाली. मी भरली नाहीत तर ती रायफल भिंतीवर टांगायच्या कामाची.

चाळीस वर्षांत सिग्नेचा नेम चुकला नव्हता. गेल्या नोव्हेंबरात साठ पावलांवरचा एल्क निघून गेला. मी मागेच उभा होतो. मी म्हटलं, म्हातारी झालीस. कॅफेत सगळ्यांना सांगितलं, ते अजून चिडवतात तिला.

किंमत कळवा.

हाल्वर टँगेन


सेल्वे फोर्ड, आयडाहो
२२ जानेवारी १९८६

श्री. टँगेन,

गिऱ्हाईक खात्यात मी बसते. खातं म्हणजे एक टेबल, एक फोन, गिऱ्हाइकांच्या कार्डांचे चार खण आणि मी. पत्र वाचायची सवय आहे, काळजी नसावी.

सोबत खीळ पाठवते आहे. तिचे पैसे नाहीत. थोरले ऑर्विन गेले त्याला बारा वर्षं झाली, पण त्यांचा नियम आम्ही पाळतो: यंत्र आमचं, तर तुटलं तेही आमचं. तुमच्या पणतूने तोडलं तरी आमचंच. खीळ हाताने आत जाते, हातोडी लागू देऊ नका.

आता फिरत्या प्रेसचं. तो विकला तर माझे मालक खूश होतील, पण विकण्याआधी मी प्रत्येकाला तीन प्रश्न विचारते. वर्षाला किती काडतुसं लागतात? ती कोण झाडतं? आणि भरताना टेबलाशी कोण बसतं? मधल्याचं उत्तर तुम्ही दिलंत, बाकीची दोन द्या. परवा एका गृहस्थांना हाच प्रेस हवा होता, आणि वर्षाला लागत होती वीस. मी म्हटलं, अहो, ट्रॅक्टर घेऊन कुंडी नांगरायला निघालात का. रागावले, पण साधा घेऊन गेले.

तुमच्या पत्नीला चिडवणाऱ्यांत मला धरू नका. चाळीस वर्षांत एकदा चुकलेल्या माणसाबद्दल मला आदरच वाटतो.

मार्वा हॅच


थ्री बट्स
३ फेब्रुवारी

हॅचबाई,

खीळ बसली. आभारी आहे. असं दुकान आता राहिलं नाही, हे मी कॅफेतही सांगितलं.

पण मी यंत्र मागितलं, प्रश्नपत्रिका नाही. तरी घ्या. दर वर्षी साठ काडतुसं लागतात. या वर्षी दोन हजार भरायची आहेत. टेबलाशी मी बसतो, दुसरं कोण बसणार? आमच्या इकडे दुसऱ्याने भरलेलं काडतूस कुणी आपल्या बंदुकीत घालत नाही, सख्ख्या भावाचंही नाही. सिग्ने माझं घालते. लग्नाला एक्केचाळीस वर्षं झाली, एकदाही तिने विचारलं नाही की आत काय घातलंस. याच्यापुढे तुमच्या कारखान्याची हमी काही नाही.

दोन हजार कशाला, ते विचारू नका. ते माझं मी बघेन.

आणि एक. मोठ्या आकड्यांचा तराजू तुमच्याकडे मिळतो का? हल्ली आकडे फार बारीक छापतात.

हाल्वर टँगेन


सेल्वे फोर्ड
११ फेब्रुवारी

श्री. टँगेन,

मोठ्या आकड्यांचा तराजू आहे. पण आधी थोडं भांडते.

फिरता प्रेस चांगला आहे, मी स्वतः चालवलाय. त्याच्यात पाच खणांत पाच कामं एकाच वेळी चालतात. एकीकडे टोपी बसते, एकीकडे बंदुकीची दारू पडते, एकीकडे गोळी बसते, आणि या सगळ्यांवर डोळ्यांत तेल घालून बघत राहावं लागतं. नजर एका खणावरून हलली की एखाद्या पुंगळीत दारू पडत नाही, किंवा दोनदा पडते. तासाला पाचशे होतात ते खरं, पण चूकही त्याच वेगाने होते. तुमचा ११८४ हळू आहे. त्याच्यावर पन्नास पुंगळ्या लाकडी ठोकळ्यात ओळीने उभ्या करून, दिव्याखाली धरून, एकेकीत डोकावता येतं. साठ काडतुसांच्या घराला याच्याहून चांगलं यंत्र आम्ही आजही बनवत नाही, आणि हे मी पगार घेऊन सांगते आहे.

दुसरं विचारायला जीभ रेटत नाही, पण विचारते. जानेवारीच्या तुमच्या पत्रात एका ओळीत दहा शब्द होते. या वेळी चार आहेत, आणि सही खालच्या ओळीवर चढली आहे. माझे वडील घड्याळं दुरुस्त करत. त्यांच्या वहीतली अक्षरं एका वर्षात अशीच मोठी होत गेली, आणि आम्ही घरातले सगळे ते न बघितल्यासारखं करत राहिलो. मला ते पुन्हा करायचं नाही.

डॉक्टर काय म्हणतात?

मार्वा हॅच


थ्री बट्स
२ मार्च

हॅचबाई,

तुमचं पत्र मी शेगडीत टाकलं होतं. मग शेगडी पेटलेली नव्हती म्हणून काढून घेतलं.

ग्रेट फॉल्सच्या डॉक्टरांनी सांगितलं की बरोबर मध्ये डाग पडतोय, कडेकडेचं दिसत राहील. एखादं वर्ष तराजू वाचता येईल, पुढे नाही. हे ऑक्टोबरात सांगितलं. म्हणून दोन हजार. मी हिशेब केलाय, सिग्नेला वर्षाला साठ, म्हणजे तिला जन्मभर पुरून उरतील. माझे डोळे जायच्या आत ती सगळी डब्यांत भरून ठेवायची, मग मला काही दिसलं नाही तरी चालेल. मी जे जे तिला देऊ शकलो त्यात एवढं एकच असं आहे की जे दुसऱ्या कुणाच्या हातून तिला मिळालं नसतं.

आता कळलं ना? मग प्रेस पाठवा.

सिग्नेला यातलं काही कळता कामा नये. तिला कळलं तर ती रायफल टांगून ठेवेल आणि म्हणेल, मला शिकारीचा कंटाळाच आला होता. मी तिला ओळखतो.

हाल्वर


थ्री बट्स, मोंटाना
५ मार्च १९८६

हॅचबाई,

मी सिग्ने टँगेन. तुमच्या खणात माझं कार्ड असेल, नोव्हेंबरात मी तुमचा पोकळ हातोडा मागवला होता. काडतूस आत अडकवून आपटलं की गोळी आणि दारू वेगळी होते, तो. त्याच्या आतली पकड झिजली. चार महिन्यांत झिजायला नको, असं तुम्ही म्हणाल. म्हणून खरं काय ते लिहिते, नाहीतर तुम्हाला वाटेल माल वाईट होता. माल चांगला आहे. मीच फार वापरला.

माझा नेम चुकला नव्हता. घोडा ओढला आणि नुसतं फुस्स झालं. आत दारूच नव्हती, एकट्या टोपीच्या जोराने गोळी नळीत निम्म्यावर जाऊन अडकली. हाल्वर मागे उभा होता, पण त्याला ऐकू येत नाही. त्याच्या समजुतीने मी बार काढला आणि एल्क पळाला. दुसरं काडतूस घालून झाडलं असतं तर रायफल माझ्या तोंडावर फुटली असती. मी ती खाली केली आणि म्हटलं, चुकला.

गावातल्या बंदूकवाल्याने नळी मोकळी करून दिली, त्याला तोंड बंद ठेवायला सांगितलंय. मंगळवारी आणि शुक्रवारी सकाळी हाल्वर कॅफेत जातो. तेवढ्या वेळात मी त्याने भरलेली काडतुसं एकेक उघडते, दारू तोलते, आणि त्याच्याच प्रेसवर पुन्हा जशीच्या तशी बसवून ठेवते. एक्केचाळीस वर्षं शेजारी बसून विणकाम केलं, त्याचा दांडा कसा चालतो ते पाठ झालंय. पहिल्या साठांत तीन रिकामी निघाली, एकात दीडपट होती. जानेवारीत दांड्याची खीळ तुटली ती माझ्या हातून. त्याला वाटलं, वय झालं.

त्याचे डोळे चाललेत. तो कपाच्या शेजारी कॉफी ओततो आणि कप गळका आहे म्हणतो. मी म्हणते, हो, नवा आणू. कान गेले तेव्हा तो वर्षभर कॅफेत गेला नव्हता. आता हे एकच काम असं उरलंय ज्यात मला त्याच्यावाचून चालत नाही असं त्याला वाटतं. ते मी त्याच्या हातून काढून घेणार नाही. लोकांनी मला म्हातारी म्हटलं तर म्हणू देत.

पण तुमच्या कॅटलॉगचं अकरावं पान त्याने उशीखाली ठेवलंय. तासाला पाचशे. बाई, मी दर तासाला पाचशे उघडू शकत नाही. तो प्रेस त्याला विकू नका. आणि मी लिहिलं हे सांगू नका.

चोकचेरीचा मुरंबा पाठवते आहे, काचेची बरणी आहे, जपून उघडा.

सिग्ने टँगेन


सेल्वे फोर्ड
१२ मार्च

सिग्नेबाई,

पकड पाठवली आहे, पैसे नाहीत. मुरंबा दोन दिवसांत संपला, मालकांनीही हात मारला.

सव्वीस वर्षं मी या टेबलावर बसते आहे. एल्क समोर असताना, हातात भरलेली रायफल असताना, तो फुस्स आवाज ऐकून थांबणारी माणसं मी बोटांवर मोजण्याइतकी पाहिली. थांबून वर स्वतःवर ठपका घेणारी एकच. माझ्याकडे आलेली गोष्ट माझ्या खणातच राहते, कुणाचीही असो. फक्त एवढं लक्षात ठेवा: तुमच्या घरी एक पार्सल येईल. त्यातल्या कागदावर कुणी सही मागितली, तर न बघता करू नका.

मार्वा हॅच


सेल्वे फोर्ड
१२ मार्च

हाल्वर,

फिरता प्रेस पाठवत नाही. तुम्ही दुसरीकडून घेऊ शकता, तुमचे हात काही मी धरणार नाही. पण तो घेऊन ज्या माणसासाठी भरायचं त्याच्याच जिवावर बेतलं, तर त्या दोन हजारांचा काय उपयोग?

आमच्या कारखान्यात वरच्या मजल्यावर चाचणीची खोली आहे. तिथे नवा प्रेस तपासायला रोज काडतुसं भरतात, आणि तिथला नियम खिळीच्या नियमाहूनही जुना आहे. डब्यावर चिकटवायच्या चिठ्ठीवर दोन ओळी असतात. एक भरणाऱ्याची, एक तपासणाऱ्याची. एकाच माणसाने दोन्हीकडे सही केलेली चालत नाही. दोन सह्या झाल्याशिवाय डबा खोलीबाहेर जात नाही, खुद्द थोरल्या ऑर्विन यांचाही कधी गेला नाही. हे त्यांना कमीपणाचं वाटत नसे. उलट म्हणत, जो आपल्याला तपासू देतो तोच कारागीर.

सोबत शंभर चिठ्ठ्यांचं पॅड आणि मोठ्या आकड्यांचा तराजू पाठवते आहे. तराजू उसना आहे, नको झाला की परत करा. तुमचं गुपित मी कुणाला सांगितलं नाही, सांगणारही नाही. दुसरी सही कुणाची घ्यायची ते तुम्ही ठरवा. माझी अट एकच, बघून सही करणारं माणूस असावं.

आणि अंगठ्याला डोळे लागत नाहीत. टोपी वर राहिली की नाही हे आमच्या वरच्या खोलीतही अंगठ्यानेच बघतात.

मार्वा


सेल्वे फोर्ड
२४ एप्रिल

हाल्वर,

सहा आठवडे झाले. पार्सल पोचल्याची पावती आली, तुमचं पत्र नाही. रागावला असाल तर तसं लिहा, मला रागाची पत्रं वाचायची सवय आहे. नुसतं गप्प बसू नका.

मार्वा


थ्री बट्स
१८ नोव्हेंबर १९८६

मार्वा,

हे पत्र मी सांगतोय आणि सिग्ने लिहितेय. कंसात जे येईल ते तिचं, मी सांगितलेलं नाही.

रागावलो होतो, खरं आहे. तुमचं पॅड अकरा दिवस टेबलावर पडून होतं. (चौदा.) मग एका सकाळी ते तिच्या ताटाशेजारी ठेवलं आणि म्हटलं, सही करशील का? ती म्हणाली, न बघता करणार नाही. मी म्हटलं, एक्केचाळीस वर्षं बघितलं नाहीस. ती उठली, कोंबड्यांच्या दाण्याच्या पिंपातून काहीतरी काढून आणलं आणि माझ्या हातात दिलं. मी चाचपून बघितलं. तुमचा हातोडा. दोन्ही बाजूंनी झिजलेला.

मी विचारलं, "हा कशाला?"

ती म्हणाली, "बघायला."

मग तिने नोव्हेंबरातलं सगळं सांगितलं. माझ्या कानाशी तोंड नेऊन, मोठ्याने, त्यामुळे कोंबड्यांनाही कळलं असेल. मी दोन दिवस गोठ्यात जाऊन बसलो. (तीन. जेवण तिथे नेऊन दिलं.) मला राग तिचा आला नव्हता. मी भरलेल्या काडतुसाने तिचा जीव जायचा होता, आणि मी मागे उभा राहून तिला म्हातारी म्हणत होतो. हे गिळायला दोन दिवस लागतात.

तिसऱ्या दिवशी आत आलो आणि डोळ्यांचं सांगितलं. ती म्हणाली, "माहितीये. कप गळका नाही."

मी म्हटलं, "मला आधी का नाही सांगितलंस?"

"तू तरी कुठे सांगितलंस?"

मी म्हटलं, "लोकांकडून म्हातारी म्हणवून घेतलंस ते?"

"तशीही होतेच आहे," म्हणाली.

त्यानंतरच्या मंगळवारी मी कॅफेत उभा राहिलो. मला स्वतःचा आवाज ऐकू येत नाही, त्यामुळे मी किती मोठ्याने बोललो कुणास ठाऊक. (पोस्टातसुद्धा ऐकू गेलं.) सांगितलं की सिग्ने टँगेनचा नेम आजवर कधीच चुकलेला नाही, चूक माझी होती, आणि यापुढे जो कुणी तिला चिडवेल त्याने आधी नळीत अडकलेली गोळी घेऊन साठ पावलांवर उभं राहून दाखवावं. त्या दिवशी कॉफी फुकट मिळाली.

उन्हाळाभर ११८४ वर बसलो. टोप्या ती बसवते, दारूही तीच तोलते, तुमच्या तराजूवर. ठोकळा दिव्याखाली धरून ती डोकावते. दांडा मी ओढतो आणि टोप्यांवरून अंगठा मीच फिरवतो. तिने बसवलेल्या साठांतली एक टोपी वर राहिली होती. दोनदा बघूनही तिला दिसली नव्हती, माझ्या अंगठ्याला लागली. (त्यानंतर आठवडाभर त्याच्याशी बोलायची सोय नव्हती. इतका खूश होता.)

तेरा नोव्हेंबरला सिग्नेने एल्क मारला, एकाच गोळीत, नव्वद पावलांवरून. मला बार ऐकू आला नाही, पण तिच्या खांद्यावर हात ठेवला होता, धक्का बसलेला कळला. सॉसेज करून झालं की तुम्हाला पाठवू. मालकांना देऊ नका.

तराजू परत करत नाही. किंमत कळवा. फिरता प्रेस नको, हे तुम्हाला कळलंच असेल. दोन हजार एकदम भरून ठेवली असती तर पुढचे सगळे हिवाळे मी काय केलं असतं? दर वर्षी साठच बरी. दर वर्षी बसावं लागेल.

माझं सांगून झालं. आता ती काय लिहिते ते मला दिसणार नाही.

(मार्वा, पहिला डबा संपला, त्याच्यावरची चिठ्ठी काढून तुझ्यासाठी पाठवते आहे. 'भरणारा' या ओळीवर माझी सही आहे, 'तपासणारा' या ओळीवर त्याची. त्याची सही ओळीवर सुरू होते आणि चिठ्ठी संपली तरी थांबत नाही, 'टँगेन'मधलं शेवटचं अक्षर डब्याच्या पत्र्यावरच राहिलं. पुन्हा नीट करून देतो म्हणत होता. मी म्हटलं, राहू दे, मी तपासली आहे.

सिग्ने)